आणखी दोन दिवस

पडद्यामागे मी ओतते.
पेला आधी तिरका, मग सरळ,
फेस दोन बोटं चढू द्यायचा,
बुडाशी मेणखडूनं आकडा.
कुठला आकडा कुणाचा, हे या बंबखान्याच्या हॉलमध्ये
फक्त मला माहीत,
आणि मी ताकास तूर लागू देत नाही.

बाहेर फेब्रुवारी. झातेत्सकडे जाणाऱ्या रस्त्यालगत
हॉप्सच्या मळ्यांतले खांब
रिकाम्या तारा डोक्यावर धरून बर्फात उभे.
आत पाच परीक्षक, कोरडा पाव, पाण्याचे जग,
आणि टेबलाच्या टोकाला लुबोर तेसारेक,
ज्यांच्या नाकाची गावात शपथ घेत.

डिसेंबरातल्या त्या तापानंतर
एकदा अंडी द्यायला मी त्यांच्याकडे गेले, तर
शेगडीवर दूध करपून कोळसा झालेलं,
घरभर वास,
आणि ते पलीकडे पाठ करून
शांतपणे पेपर वाचत होते.
मी खिडकी उघडली.
"थंडी येतेय," म्हणाले.
दुधाचं नाव दोघांनीही काढलं नाही.

आज ते पेला नाकाशी नेतात, सगळ्यांसारखाच,
डोळे मिटतात, सगळ्यांसारखेच,
फक्त वासाचा रकाना
सगळ्यांच्या शेवटी भरतात.
बाकीचे नाकानं कांदे सोलतायत:
अकराला म्हणे उकडलेल्या मक्याचा वास,
एकोणीसला ओल्या पुठ्ठ्याचा.
लुबोर मान हलवतात. ऐकून लिहितात.
मला राग यायला हवा.

सत्तावीस.
ही रादिम आणि वितची. दोघे भाऊ
बापाच्या ट्रॅक्टरच्या शेडमध्ये
दुधाच्या जुन्या टाकीत हे उद्योग करतात.
टाकी लवकर रिकामी हवी होती, वित म्हणाला होता,
म्हणून जरा घाई केली.

रंग वाळक्या पेंढ्याचा.
फेस काचेला झालर लावत खाली उतरतो.
द्राहोमीरा हुंगते. पुन्हा हुंगते.
"स्वच्छ."
चौघंही लिहितात: स्वच्छ.
लुबोर लिहीत नाहीत.
घोट तोंडात धरून बसतात, इतका वेळ
की छपरावरून बर्फ घसरल्याचं
सगळ्यांना ऐकू येतं.
जीभ टाळूला लावतात, सोडतात,
पुन्हा लावतात,
ओल्या फरशीवर पाऊल टाकून बघावं तशी.

"लोणी."
"मला नाही आला वास," द्राहोमीरा म्हणते.
"मलाही नाही."
हे किती खरं आहे
ते पडद्यामागे एकटीला कळून
माझ्या हातातला जग हिंदकळतो.
"वास सोडा. जीभ घसरते. बघा घसरू देऊन."

पितात. कुणी खोडरबर शोधतं.
मग वाद: एवढंसं लोणी हा दोष,
की त्या बिअरचा स्वभाव?
द्राहोमीराचे आजोबा तर त्याला दोष म्हणतच नसत.
कडवटपणा मात्र चोख, शेवट कोरडा,
दुसरा घोट मागणारा, हे सगळ्यांना मान्य.
पन्नासपैकी अडतीस.
शेऱ्यात लुबोरांच्या तिरप्या अक्षरात एकच ओळ:
आणखी दोन दिवस उबेत राहू दिली असती तर.

हॉल रिकामा झाल्यावर
ते न बोलावता आत आले, पेले विसळू लागले.
सत्तावीसच्या तळाशी घोटभर उरलं होतं.
पाठ माझ्याकडेच ठेवून विचारलं,
"कसला वास होता?"

मी काही परीक्षक नाही.
पेला उचलला. म्हटलं,
भाजलेल्या पावाची कड.
आणि हॉप्स खुडायच्या दिवसांत
हाताला राहतो ना, तो,
हिरवा, थोडा चिकट,
साबणानंही न जाणारा,
रात्री उशीत तोंड खुपसलं तरी येणारा.

"आणि लोणी?"
"असेल. मला नाही कळलं."
"ते असू दे. ते मला सापडलं."
नळ बंद केला त्यांनी.
"हाताचं पुन्हा सांग."